पाच डॉलरची पत

बँकेच्या काउंटरमागे माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. आत बसणाऱ्याला हळूहळू एका गोष्टीचा विसर पडतो. शेजारच्या सहकाऱ्याला आपण मान न वळवता जे विचारतो, ते काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जात असतं. आपल्या लेखी तो रोजच्या कामातला प्रश्न असतो. पलीकडचा माणूस मात्र तो घरी घेऊन जातो आणि कधीकधी जन्मभर विसरत नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या एका बँकेत असंच घडलं. एक शाळकरी मुलगा विधवा आईचा चेक वटवायला आला होता. रक्कम किरकोळ होती. तरी खिडकीवरच्या कारकुनाला खात्री वाटेना. या बाईंची पाच डॉलरपुरती तरी पत आहे का, अशी चौकशी त्यानं आतल्या सहकाऱ्याकडे केली. मुलानं ती ऐकली, आणि म्हातारपणी आठवणी लिहायला बसला तेव्हाही तो अपमान त्याच्या मनात ताजा होता.

त्या मुलाचं नाव बेंजामिन ग्रॉसबॉम. जग त्याला बेंजामिन ग्रॅहम म्हणून ओळखतं. शेअर बाजारात रस असलेल्या घरांत हे नाव परिचयाचं आहे, ते बहुधा वॉरन बफे यांचे गुरू म्हणून. पण श्रीमंत शिष्याच्या सावलीत गुरूचं खरं काम झाकलं जातं. कंपनीचे जाहीर हिशेब कसे वाचावेत, हा विद्यापीठात पदव्युत्तर पातळीवर शिकायचा विषय आहे, हे ज्यांनी पटवून दिलं त्यांत ग्रॅहम अग्रभागी होते. त्या विद्येचं मूळ शोधत गेलं, की आपण पुन्हा त्या पाच डॉलरच्या चेकपाशी येतो.

बेंजामिनचा जन्म ९ मे १८९४ रोजी लंडनमध्ये झाला. तो वर्षाचा असतानाच ग्रॉसबॉम कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडिलांचा चिनी मातीच्या वस्तूंचा आयात व्यापार होता आणि घरात सुबत्ता होती. १९०३ साली ऐन पस्तिशीत वडील गेले आणि त्यांच्यामागे धंदाही बसला. आई डोरोथी आणि तीन मुलगे उरले. त्यांत बेन सर्वांत धाकटा. आईनं पेइंग गेस्ट ठेवून पाहिले, ते जमलं नाही. दागिने आणि सामान विकून दिवस निघू लागले. मग चार पैसे वाढतील या आशेनं तिनं दलालाकडून उधारीवर यू. एस. स्टील या बड्या कंपनीचे शेअर घेतले. १९०७ साली अमेरिकेतल्या बँकांवर अरिष्ट आलं, बाजार कोसळला आणि तिचं खातं धुऊन निघालं. बेन तेव्हा तेरा वर्षांचा होता.

आपल्याकडेही अशा घटना घरोघर घडलेल्या आहेत. नवऱ्याच्या फंडाचे पैसे, कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेले शेअर आणि कपाटात जपून ठेवलेली रंगीत प्रमाणपत्रं. फसलेल्या माणसाला आपण नशीब म्हणून समजावतो. बेनच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घर करून राहिला असावा. आईनं जिच्यावर विश्वास ठेवला त्या कंपनीची पत किती होती, हे तिला कळायला मार्ग तरी होता का?

मुलगा विलक्षण हुशार होता. कोलंबिया विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्यानं दिली, पण नाव यादीत आलं नाही. त्याच आडनावाच्या चुलतभावाच्या नोंदींशी त्याच्या नोंदींची गल्लत झाली होती. चूक उमगेपर्यंत तो मिळेल ती कामं करत होता. हिशेबातली एक चुकीची नोंद माणसाचं काय करू शकते, हा धडा त्याला असा स्वतःवरच मिळाला. १९११ साली तो कोलंबियात दाखल झाला आणि १९१४ मध्ये वर्गात दुसऱ्या क्रमांकानं पदवीधर झाला. इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विभागांनी त्याला शिकवायला बोलावलं.

इथं मराठी वाचकाच्या मनात आणखी एक नाव येणं साहजिक आहे. १९१३ साली बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर याच कोलंबियात दाखल झाले. बेनचं ते शेवटचं वर्ष. दोघांच्या वाटा अर्थातच वेगळ्या. पण एकाच विद्यापीठातून निघालेल्या या दोघांनी एकच गोष्ट आपापल्या परीनं केली. आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या जमाखर्चाचा अभ्यास करून त्यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. ग्रॅहम यांनी कंपन्यांचे जमाखर्च हाती घेतले. हिशेब मांडणारा बलवान आणि वाचणारा दुबळा असतो, तेव्हा वाचायला शिकणं हीच दुबळ्याची ताकद ठरते.

प्राध्यापकी सोडून बेन वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाल पेढीत आठवड्याला बारा डॉलरवर नोकरीला लागला. कारण साधं होतं, घरात पैसा हवा होता. सुरुवातीचं काम निरोप आणि कागद पोचवण्याचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन वळणाची आडनावं लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली, तेव्हा घरच्यांनी ग्रॉसबॉमचं ग्रॅहम केलं.

तेव्हाचा शेअर बाजार आजच्या तरुणांना ओळखूही येणार नाही. रेल्वे कंपन्यांना सरकारी आयोगाकडे तपशीलवार हिशेब द्यावे लागत. कारखानदारीतल्या कंपन्या मात्र मनाला येईल तेवढंच सांगत. बाजार चाले तो आतल्या खबरीवर आणि कुजबुजीवर. वार्षिक अहवाल शेवटपर्यंत वाचणारा माणूस म्हणजे वेळ वाया घालवणारा. तरुण ग्रॅहमनं तो वाया घालवायचं ठरवलं. मिसूरी पॅसिफिक रेल्वेचा १९१४ चा अहवाल त्यानं आपणहून वाचून काढला आणि तिचे रोखे सुरक्षित नाहीत, असं टिपण लिहिलं. ते टिपण वाचून दुसऱ्या पेढीनं त्याला नोकरी देऊ केली. पुढच्याच वर्षी ती रेल्वे प्रशासकांच्या ताब्यात गेली.

१९१५ मध्ये गुगेनहाइम एक्स्प्लोरेशन ही खाणउद्योगातली कंपनी गुंडाळायचं ठरलं. तिच्याकडे इतर तांबे कंपन्यांचे शेअर होते. ग्रॅहमनं त्यांची बाजारभावानं बेरीज केली. कंपनीचा शेअर मिळत होता सुमारे ६९ डॉलरला आणि त्यामागची मालमत्ता होती ७६ डॉलरची. यात कसलीही गुप्त माहिती नव्हती. आकडे सगळ्यांसमोर होते, बेरीज कुणी केली नव्हती.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत बोलकी हकिगत १९२६ सालची आहे. १९११ मध्ये रॉकफेलर यांची अवाढव्य स्टँडर्ड ऑइल कंपनी न्यायालयाच्या आदेशानं फोडली गेली आणि तिच्यातून तेलवाहिन्यांच्या आठ लहान कंपन्या निघाल्या. त्यांच्या अहवालात जेमतेम चार ओळींचे आकडे असत. सरकारी आयोगाचं एक जाडजूड पुस्तक चाळताना ग्रॅहम यांना एका तक्त्याखाली बारीक टीप दिसली. हे आकडे कंपन्यांनी आयोगाला सादर केलेल्या अहवालांतून घेतले आहेत, एवढाच तिचा आशय. म्हणजे भागधारकांना न दिलेला मोठा अहवाल वॉशिंग्टनच्या दप्तरात होता! ते गाडी पकडून वॉशिंग्टनला गेले, दप्तरखान्यात बसले आणि कागद मागवले. नॉर्दर्न पाइप लाइन या कंपनीचा शेअर ६५ डॉलरला मिळत होता. कागदांवरून दिसलं की कंपनीनं प्रत्येक शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे आणि तत्सम मालमत्ता बाळगली आहे, जिचा धंद्याला काही उपयोग नव्हता.

ग्रॅहम यांनी दोन हजार शेअर जमवले आणि जास्तीचा पैसा मालकांना, म्हणजे भागधारकांना वाटावा, अशी मागणी केली. साहेब लोकांनी त्यांना वाटेला लावलं. धोरण पटत नसेल तर शेअर विकून मोकळं व्हावं, असा सल्ला मिळाला. जानेवारी १९२७ मध्ये सर्वसाधारण सभा भरली ती पेनसिल्वेनियातल्या ऑइल सिटी या आडगावी. रात्रभर प्रवास करून ग्रॅहम पोचले. सभागृहात बहुतेक सगळे कंपनीचेच नोकर होते. ठराव मांडायला ते उभे राहिले; अनुमोदन द्यायला एकही हात वर झाला नाही. ठराव नोंदलाच गेला नाही.

अपमान गिळून ते परतले आणि वर्षभर एकेका भागधारकाला भेटत, पत्रं लिहीत मतं गोळा करत राहिले. पुढच्या जानेवारीत ते गेले ते ३८ टक्के मतांचे अधिकार घेऊन, आणि पाच जणांच्या संचालक मंडळात दोन जागा त्यांना मिळाल्या. कंपनीनं शेवटी शेअरमागे ७० डॉलर भागधारकांना वाटले. या दोन सभांच्या मधल्या काळात, १९२७ साली, त्यांचा थोरला मुलगा आजारानं बालवयातच गेला. कामात बुडून जाण्याची त्यांची सवय यानंतर वाढतच गेली.

१९२८ च्या शरद ऋतूत ते पुन्हा कोलंबियात आले, या वेळी शिकवायला. वर्ग संध्याकाळचा. व्याख्यानांची टिपणं कुणीतरी नीट घ्यावीत अशी त्यांची अट होती आणि ते काम डेव्हिड डॉड या तरुण अध्यापकानं पत्करलं. बाजार तेव्हा रोज वर चालला होता. झटपट श्रीमंत होण्याची युक्ती ऐकायला वर्ग तुडुंब भरला. ग्रॅहम यांनी फळ्यावर मांडले ते ताळेबंद.

पदव्युत्तर वर्गात ताळेबंद शिकणं म्हणजे काय, हे थोडं सोप्या भाषेत सांगतो. हिशेबनीस पत्रक कसं बनवायचं ते शिकतो. इथं शिकायचं असतं ते बनलेलं पत्रक उलगडायला. नफा हा आकडा निसर्गातून येत नाही. तो कुणीतरी काही गोष्टी गृहीत धरून काढलेला असतो. घरातल्या मिक्सरचं उदाहरण घ्या. तो पाच वर्षं टिकेल असं धरलं तर दरवर्षी त्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा घसारा म्हणून खर्ची पडेल. दहा वर्षं धरली तर दहावा. मिक्सर तोच, चटणी तीच, पण कागदावर दुसऱ्या घराचा खर्च निम्मा दिसतो. गोदामातला माल कोणत्या भावानं धरला? बुडीत येण्यांची तरतूद केली का? एकदाच झालेली कमाई रोजच्या कमाईत मिसळली का? या प्रश्नांची उत्तरं पहिल्या पानावरच्या ठळक आकड्यात नसतात. ती मागच्या टिपांत असतात.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. सीएआयआयबीच्या परीक्षेसाठी सूत्रं पाठ केली होती. कर्ज विभागात बसल्यावर एका कारखान्याची फाइल समोर आली. विक्री तशीच, नफा मात्र वाढलेला. मी खुशीत शिफारस लिहायला घेतली. आमच्या वरिष्ठांनी फाइल मागून उघडली, टिपांतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता ती माझ्याकडे सरकवली. माल मोजण्याची पद्धत त्या वर्षी बदलली होती. वाढलेला नफा गोदामात पडून होता. त्या दिवसापासून मीही अहवाल मागून वाचू लागलो. त्या वरिष्ठांनी ग्रॅहम वाचले होते की नाही देव जाणे, पण घराणं तेच होतं.

मग १९२९ ची मंदी आली. इतकं वाचणारा हा माणूस त्यातून सुटला असेल असं वाटेल. तसं झालं नाही. ग्रॅहम आणि त्यांचे भागीदार जेरोम न्यूमन यांच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला लोकांचे २५ लाख डॉलर होते. कर्ज काढून केलेली गुंतवणूक अंगाशी आली आणि १९३२ पर्यंत त्यातले सत्तर टक्के गेले. ताळेबंद वाचता येणं आणि बाजार कुठं थांबेल ते कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना जबर किंमत देऊन समजलं. करार असा होता की आधीचं नुकसान भरून निघेपर्यंत मोबदला घ्यायचा नाही. पाच वर्षं त्यांनी तो घेतला नाही. १९३५ च्या अखेरीस नुकसान भरून निघालं. हा हिशेब त्यांच्या कोणत्याही पुस्तकाइतकाच मोलाचा आहे.

पडत्या काळातही वर्ग चालूच होता. कोलंबियात त्यांच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कच्या बाजारातल्या सुमारे ६०० कंपन्यांचे ताळेबंद तपासले गेले. त्यांतल्या दोनशेहून अधिक कंपन्या, म्हणजे तीनातली एक, आपल्या चालू मालमत्तेतून देणी वजा जाता उरेल त्याहूनही कमी किमतीला मिळत होत्या. इमारती आणि यंत्रं फुकट! १९३२ मध्ये ग्रॅहम यांनी हे निष्कर्ष फोर्ब्स नियतकालिकातून मांडले. लोक पुरते घाबरलेले असताना एका वर्गाच्या अभ्यासानं दाखवून दिलं की भीतीनंही हिशेब चुकतो.

१९३४ साली ग्रॅहम आणि डॉड यांचं 'सिक्युरिटी अ‍ॅनॅलिसिस' हे सातशेहून अधिक पानांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणारा आयोग कायद्यानं स्थापन झाला आणि बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर तपासलेले हिशेब नियमितपणे जाहीर करण्याची सक्ती आली. ज्या कागदांसाठी एकट्या ग्रॅहमला वॉशिंग्टन गाठावं लागलं होतं, ते आता कुणालाही मिळणार होते. ते वाचण्याची विद्या या पुस्तकानं दिली. १९३७ मध्ये त्यांनी सामान्य वाचकासाठी ताळेबंद कसा वाचावा यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि १९४९ मध्ये 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'. विकत घेताना किंमत आणि मूल्य यांत एवढं अंतर ठेवा की आपला अंदाज चुकला तरी पदरचं जाऊ नये, हे त्यांच्या शिकवणीचं सार.

त्यांच्या वर्गात एक खेळ असे. पहिली कंपनी आणि दुसरी कंपनी, असे दोन ताळेबंद ते नावं झाकून फळ्यावर मांडत. विद्यार्थी चढाओढीनं दोन्हींची चिरफाड करत. शेवटी कळे की दोन्ही ताळेबंद बोइंगचेच, फक्त वर्षं वेगळी. नावाला भुलू नका, हे एवढ्या साध्या युक्तीनं मनावर ठसे. १९५०-५१ मध्ये नेब्रास्काहून आलेला एक वीस वर्षांचा मुलगा या वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करायचा. वॉरन बफे यांना त्यांनी सर्वोच्च श्रेणी दिली, पण नोकरी मात्र दिली नाही. वॉल स्ट्रीटवर ज्यूंना तेव्हा बड्या पेढ्यांची दारं बंद असत, म्हणून आपल्याकडच्या जागा ते ज्यू तरुणांसाठी राखत. १९५४ मध्ये त्यांनी बफेंना बोलावून घेतलं. दोन वर्षांनी पेढीच बंद करून ते कॅलिफोर्नियाला गेले.

आईला बुडवणाऱ्या यू. एस. स्टीलवर त्यांनी १९३६ साली एक उपहासिका लिहून ठेवली होती. कंपनी कारखाना न सुधारता नुसते हिशेब आधुनिक करते, अशी कल्पना. यंत्रांची किंमत शून्याच्याही खाली, उणे शंभर कोटी डॉलर करायची. मग घसारा खर्चाऐवजी उत्पन्नातच जमा होणार! गोदामातला सगळा माल एक डॉलरचा. पगार रोख न देता शेअर घेण्याच्या हक्कात द्यायचे, म्हणजे खर्चच नाही. वाचताना हसू येतं, पण यातला एक विनोद पुढं खरा ठरला. अमेरिकी कंपन्या अधिकाऱ्यांना असे हक्क भरभरून वाटत आणि तो खर्च नफ्यातून वजा करत नसत. तो वजा केलाच पाहिजे असा नियम व्हायला २००४ साल उजाडलं.

नियतीनं त्यांचीही गंमत केली. १९४८ मध्ये त्यांनी एका मोटार विमा कंपनीचा निम्मा हिस्सा ७,१२,५०० डॉलरला घेतला. आपल्या फंडाचा इतका मोठा हिस्सा एकाच ठिकाणी गुंतवणं त्यांच्याच शिस्तीत बसत नव्हतं. पुढं कळलं की कायद्यानं विमा कंपनीत एवढा वाटा ठेवता येत नाही, म्हणून ते शेअर आपल्या गुंतवणूकदारांना वाटून टाकावे लागले. या एका व्यवहारानं बाकीच्या सगळ्या व्यवहारांहून अधिक पैसा मिळवून दिला, हे त्यांनी स्वतः मोकळेपणानं नोंदवलं. आणि तीच कंपनी १९७५-७६ मध्ये बुडायला आली, ती दाव्यांपोटी ठेवायच्या तरतुदी कमी दाखवल्यामुळे. तिला सावरायला जे उभे राहिले, त्यांत बफे होते.

घरच्या आघाडीवर हा माणूस तितकासा यशस्वी नव्हता. तीन लग्नं झाली. अखेरच्या वर्षांत तिसऱ्या पत्नीपासूनही ते वेगळे राहत. १९५४ मध्ये आणखी एक मुलगा फ्रान्समध्ये अकाली गेला. ग्रॅहम सगळ्यांशी सौजन्यानं वागत, पण जवळ कुणाला येऊ देत नसत. आठवणींत ही कबुलीही त्यांनी दिली आहे. ग्रीक-लॅटिनची गोडी अखेरपर्यंत टिकली. उतारवयात मारिओ बेनेदेत्ती यांची एक स्पॅनिश कादंबरी त्यांनी इंग्रजीत आणली. २१ सप्टेंबर १९७६ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स इथं त्यांचं निधन झालं.

ताळेबंद वाचणाऱ्यांनाही डॉक्टर-वकिलांसारखी परीक्षा असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा २८४ जण बसले होते. आज सीएफए म्हणून ती ओळखली जाते आणि मुंबई-पुण्याची मुलंमुलीही रात्री जागून तिचा अभ्यास करतात. अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकं आली, संगणक आले, अहवाल शेकडो पानांचे झाले. तरी जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतःच कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. तोवर तो आकडा हजारो सुशिक्षितांच्या डोळ्यांखालून गेला होता. बँकेत खरंच किती आहेत, हा काउंटरवरच्या कारकुनाचा साधा प्रश्न वेळेवर, नेटानं विचारला गेला नव्हता.

गरीब विधवेला तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला जातो. बड्या कंपनीला विचारायला संकोच वाटतो. ग्रॅहम यांनी आयुष्यभर तो कंपन्यांना विचारला, आणि कसा विचारायचा ते तरुणांच्या पिढ्यांना शिकवलं. पुढच्या वेळी घरी एखादा वार्षिक अहवाल आला, तर रद्दीत टाकण्याआधी एकदा मागच्या बाजूनं उघडून पाहा. तिथं बारीक अक्षरात कुणीतरी आपल्या पतीचा हिशेब लिहून ठेवलेला असतो.